बायका हळव्या, पुरुष खंबीर?

‘बायका मनाने हळव्या, पुरुषाला काही वाटत नाही’ हा समज चूक आहे आणि जीवघेणाही. लिसा फेल्डमन बॅरेट यांच्या 1998 च्या अभ्यासात स्वतःच्या स्वभावाबद्दल विचारल्यावर स्त्रियांनी स्वतःला जास्त भावनाप्रधान ठरवलं. पण त्या-त्या वेळी केलेल्या नोंदींत हा फरक दिसला नाही. म्हणजे फरक भावनांपेक्षा समजुतीत जास्त!

याच समजुतीपायी हार्ट अटॅक आलेल्या बाईला ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून घरी पाठवलं जातं, आणि पुरुषाचं नैराश्य ‘तापट स्वभाव’ म्हणून खपतं. भारतात आत्महत्या करणाऱ्या दर 10 जणांत सुमारे 7 पुरुष असतात.

बाईच्या छातीत दुखतंय? लगेच ईसीजी काढा. घरातला पुरुष गप्प किंवा चिडचिडा झालाय? त्याला विचारा, ऐकून घ्या, डॉक्टरकडे न्या.