गिटार आणि टाळ

गिटार घेतली की जो तो आधी कॉर्डच्या मागे लागतो. मीही लागलो. 'जी'वरून 'सी'वर जाताना डाव्या हाताची बोटं जागेवर पडेपर्यंत माझा उजवा हात चक्क थांबायचा. घरी एकट्याने वाजवताना हे कळतच नाही हो!

कळलं ते गेल्या गणपतीत, खालापूरला मामाकडे. पुतणी गात होती, साथीला मी. मी अडखळलो, तीही थांबली... पुढचं गाणं ती साथीशिवायच गायली.

रात्री भजन बसलं. मामाने माझ्या हातात टाळ दिले. तिथेही चुकलोच, पण भजन काही माझ्यासाठी थांबलं नाही. पुढच्या समेवर मुकाट्याने जाऊन मिळालो.

म्हणून माझं म्हणणं, नवशिक्याने महिनाभर कॉर्ड बाजूला ठेवाव्यात. डावा हात तारांवर नुसता टेकवून आवाज बंद करायचा आणि केरव्याच्या आठ मात्रा मोजायच्या. १, ३, ५, ७ ला हात खाली, २, ४, ६, ८ ला वर. एखादी मात्रा गाळायची असली तरी हात हवेत फिरलाच पाहिजे. मेट्रोनोम ६० वर, एका टिकटिकीत दोन मात्रा. संथ लय सोपी वाटते, पण खरं उघडं तीच पाडते. दोन ठोक्यांमधली जागा मोठी, आणि घाई तिथेच होते.

हल्ली कर्जत-खोपोली लोकलमध्ये मांडीवर हाच ठेका चालू असतो. पळसदरीपर्यंत शेजारचे जरा सरकून बसलेले असतात :)

पुतणीला अजून विचारलेलं नाही.