गांवचें बिनतारी जाळें आणि राऊटरची किल्ली

शेतकऱ्याची नोंद आतां कागदावरून लहरींवर गेली आहे. महाराष्ट्रांत १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला. आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या शेतांतील पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाइलवर करावी, अशी ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. ही नोंद वेळेवर चढली नाहीं तर पुढें नुकसानभरपाईच्या किंवा हमीभावाच्या वेळीं किती खेटे घालावे लागतात, हें ज्याचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें त्यास सांगावयास नको. म्हणून इंटरनेट ही आतां शहरी चैन राहिलेली नाहीं. ती पाटपाण्यासारखी सामाईक गरज झाली आहे, आणि जेथें कंपन्यांचे मनोरे पोहोंचत नाहींत तेथें तिचा विचार शेतकऱ्यांच्या संस्थांनींच केला पाहिजे.

असें जाळें उभारण्याची रीत आपणांस परकी वाटूं नये. धुळें जिल्ह्यांत पांझरेच्या कांठीं फड पद्धतीनें पाणी वांटून घेण्याची वहिवाट फार जुनी आहे. नदीवर बंधारा, त्यांतून पाट, आणि पाण्याची पाळी सांभाळणारा पाटकरी. बिनतारी जाळ्यांतहि संस्थेच्या कचेरींत एक चांगली जोडणी घ्यावयाची, आणि घरोघरच्या राऊटरांनीं ती एकमेकांस पुढें द्यावयाची. मधला एक बंद पडला तर संदेश दुसऱ्या वाटेनें जातो. ही वांटणी करणारा पाटकरी म्हणजे राऊटरच्या पोटांतील आज्ञावली; तिलाच फर्मवेअर म्हणतात.

आतां खरा प्रश्न असा कीं, हा पाटकरी कोणाचा नोकर? कंपनीनें पेटींत घालून दिलेली आज्ञावली बहुधा एका घराच्या सोयीची असते. शिवाय कंपनीनें सुधारणा देणें थांबविलें कीं तिच्यांतील दोष तसेच राहतात, आणि धडधाकट यंत्रहि विश्वासास अपात्र ठरतें. लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी-५४-जी ह्या राऊटरांत लिनक्स वापरल्याचें उघड झाल्यावर, लिनक्सच्या परवान्यास अनुसरून २००३ सालीं कंपनीस मूळ संहिता खुली करावी लागली. तिच्यावरून २००४ सालीं ओपन-डब्ल्यूआरटीचें काम सुरू झालें. ही आज्ञावली आज अनेक कंपन्यांच्या राऊटरांवर विनामूल्य चालते. तिच्यांतील हवे तेवढेच भाग निवडावे, आपल्या जाळ्याच्या खुणा त्यांत घालाव्या, आणि एका प्रकारच्या सर्व यंत्रांत एकच बांधणी भरावी. वाटा शोधण्याचें काम करणारा ‘बॅटमन’ नांवाचा भाग २०११ पासून लिनक्सच्या गाभ्यांतच आहे.

हे केवळ कागदी बेत नव्हेत. जानेवारी २००५ मध्यें सरकारनें २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी घराबाहेरहि बिनपरवाना वापरूं दिल्या, आणि त्याच वर्षीं हिमाचलांत धरमशाळेस ह्याच लिंकसिस जातीच्या राऊटरांत फेरफार करून सामाईक जाळें विणलें गेलें. आर्जेंटिनांत आल्टरमुंडी ह्या संस्थेनें लहान गांवांतील लोकांकडूनच अशीं जाळीं उभीं करविलीं. आपल्या पालघर जिल्ह्यांत मुंबईच्या आय.आय.टी.नें ‘ग्राममार्ग’ ह्या उपक्रमांत दूरदर्शनच्या रिकाम्या लहरींवरून जोडणी खेड्यांपर्यंत नेऊन, तेथें ती वाय-फायनें वांटून दाखविली.

ह्यावर तीन आक्षेप येतील. पहिला कायद्याचा. वरील लहरींस परवाना लागत नाहीं, परंतु प्रसारणशक्तीची मर्यादा ४ वॅट आहे. आज्ञावली आपल्या हातीं आली म्हणून ती ओलांडणें हा शेजाऱ्याच्या बांधावर नांगर घालण्याचाच प्रकार होय. यंत्रांत देश म्हणून भारतच नोंदवावा. जोडणी लोकांस विकावयाची असेल तर डिसेंबर २०२० मध्यें मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेंत लहान केंद्रास परवाना वा नोंदणी लागत नाहीं. केंद्र योजनेंतील नोंदणीकृत चालकाशीं जोडलेलें असावें लागतें.

दुसरा आक्षेप बिघाडाचा. आज्ञावली भरतांना वीज गेली तर पेटी निकामी होऊं शकते, हें खरें. म्हणून हें काम भारनियमनाच्या वेळीं करूं नये, आणि नवी बांधणी प्रथम एका शिलकी यंत्रावर पाहून मगच इतरांत भरावी.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे: हें जाणणारा तरुण नोकरीसाठीं गांव सोडून गेला तर? प्रस्तुत लेखकाच्या मतें सारें यश येथेंच ठरतें. तलाठी बदलला तरी गांवचें दप्तर गांवींच राहतें. त्याचप्रमाणें जाळ्याचेंहि दप्तर असावें. कोणतें यंत्र, त्याची कोणती आवृत्ति, कोणते भाग निवडले, कोणत्या तारखेस भरले, हें सर्व मराठींत लिहून ठेवावें. संकेतशब्द मोहोरबंद लिफाफ्यांत संस्थेच्या तिजोरींत असावे. काम निदान दोघांस शिकवावें. खुली आज्ञावली असूनहि ती एकाच माणसाच्या डोक्यांत राहिली, तर कंपनीचें कुलूप जाऊन गांवांतल्याचें कुलूप आलें, इतकेंच.

खरेदीपूर्वीं संस्थेच्या पंचांनीं दोन गोष्टी पाहाव्या. ओपन-डब्ल्यूआरटीच्या यादींत ते यंत्र त्याच आवृत्तीसह आहे काय. कारण एकाच नांवाच्या पेटींत आंतील भाग पुष्कळदां निराळे असतात. आणि साठा निदान १६ मेगाबाइट व स्मृति १२८ मेगाबाइट आहे काय. कारण ४ व ३२ मेगाबाइटांच्या जुन्या यंत्रांसाठीं १९.०७ ह्या मालिकेनंतर अधिकृत बांधण्या निघत नाहींत. स्वस्त म्हणून घेतलेली अशी पेटी शेवटीं महागच पडते.

आमच्या येरवड्याच्या तुरुंगांत १९३० सालीं गांधीजी असतां पेटींत मावणाऱ्या चरख्यास ‘येरवडा चक्र’ हें नांव मिळालें. तें उघडावें, दुरुस्त करावें, आणि पुन्हां सूत काढावें, इतकें तें वापरणाऱ्याच्या हातांत होतें. गांवच्या राऊटरास हीच कसोटी लावावी. जी पेटी गांवास उघडतां येत नाहीं, ती गांवाच्या पैशानें विकत घेऊं नये.