हर्णेच्या मुलांना परकी भाषा कशाला?

१/ हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव होतो. 'लिलाव' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. 'बंदर' फारसी, 'नाखवा' हे फारसी 'नाखुदा'चे रूप, 'खलाशी' मूळचा अरबी. आणि खलाशाच्या हाती पडणारा 'पगार' पुन्हा पोर्तुगीज. तरीही "कोकणातल्या मुलांना फ्रेंच-जर्मन-अरबी कशाला?" असा प्रश्न शहाजोगपणे विचारला जातो. विचारणाऱ्यांची मुले बहुधा पुण्या-मुंबईच्या शाळांत जर्मन शिकत असतात.

२/ इंग्रजी तर येथे तोफांसह आली. मार्च १७५५ मध्ये पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध मुंबईकर इंग्रजांशी तह केला आणि एप्रिलमध्ये विल्यम जेम्सने समोरचा सुवर्णदुर्ग घेतला. परक्या भाषा या किनाऱ्यावर नेहमीच आल्या. त्यांतली कोणती शिकायची, हे ठरवण्याचा अधिकार मात्र येथल्या मुलांना क्वचितच मिळाला.

३/ सर्वांत बोलके उदाहरण याच तालुक्याशी जोडलेले आहे. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत राहिले. पुढे त्यांचे चिरंजीव भीमराव मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकू लागले. त्यांना संस्कृत घ्यायचे होते. जातीमुळे ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली.

४/ हा प्रसंग सांगताना "तरीही ते केवढे मोठे झाले" अशी पुस्ती जोडण्याची रीत आहे. ती निलाजरी आहे. बी.ए.लाही इंग्रजीबरोबर फारसीच राहिली. संस्कृत त्यांना पुढे स्वतःच्या कष्टाने मिळवावे लागले. बॉन विद्यापीठाशी जर्मनमध्ये पत्रव्यवहार करणाऱ्या या विद्यार्थ्याला शाळेने भाषा निवडू दिली नव्हती, एवढीच त्या शाळेची नोंद व्हायला हवी.

५/ आज असा नकार तोंडावर कोणी देत नाही. शालान्त मंडळाच्या विषयांत पाली, अर्धमागधी, फारसी, अरबी, फ्रेंच, जर्मन अशा भाषा आहेत. पण शिक्षकच नसेल तर त्या यादीचे करायचे काय? गावच्या शाळेत निवड उरते ती बहुधा शंभर गुणांची हिंदी की पन्नास-पन्नास गुणांची हिंदी-संस्कृत, एवढीच. तीही टक्केवारीचा हिशेब करून.

६/ १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी अनिवार्य केली. १७ जूनला 'अनिवार्य' हा शब्द गेला, पण हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असल्यास वर्गात किमान वीस विद्यार्थी हवेत, ही अट आली. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. माघार योग्यच होती. सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादण्यात कसलेही शहाणपण नव्हते. मात्र त्या गदारोळात, मराठी पक्की झालेले आणि नव्या भाषेसाठी आसुसलेले आठवी-नववीचे मूल कोणालाच आठवले नाही. आणि वीसची ती अट नडली असती कोणाला? जेथे साऱ्या वर्गाचा पटच वीसच्या आत असतो, त्या कोकणातल्या वाड्यांना.

७/ राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० माध्यमिक स्तरासाठी कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन अशी नावे घेते. अरबी त्यांत नाही. रत्नागिरीतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे आखातात गेली. ती भाषा त्यांनी शिकायची कामावर, मुकादमाच्या ओरडण्यातून.

८/ फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. माणसे पाठवायची ठरताच जर्मन शिकवणीची निकड सरकारला जाणवली. ऐन पंचविशीत काही महिन्यांत घोकलेल्या जर्मनवर हुकूम समजेल. नोकरीच्या करारातले बारीक कलम समजेलच असे नाही. त्यासाठी चौदाव्या वर्षापासूनची तयारी लागते.

९/ "प्रत्येक शाळेला शिक्षक कोठून आणायचा?" हा आक्षेप खरा आहे, पण अपुरा. हर्णे, आंजर्ले, मुरूड, दापोली या शाळांना मिळून एक फिरता शिक्षक नेमता येतो. किमान संख्येची अट घालायचीच असेल, तर ती वर्गाला न घालता तालुक्याला घालावी.