लाकडी कबुतराच्या कडा

मागील खेपेस पवित्र आत्म्याच्या कबुतराचे तुकडे कापून ठेवले : अंगाला फिकी शिवण, तेजोवलयाला पिवळा फणस, पार्श्वभूमीला काळसर शिसव. आता त्यांच्या कडा गोल करावयाच्या.

इटलीत सिएनाजवळ मोंते ओलिव्हेतो माज्जोरे हा मठ आहे. तेथील प्रार्थनासनांवर व्हेरोनाच्या फ्रा जोव्हान्नी या मठवासी बंधूने १५०३ ते १५०५ या काळात अशीच लाकडे जडवून चित्रे उभी केली. ती इंटार्सिया सपाट आहे. आपल्या कबुतराला मात्र उठाव हवा.

प्रथम सर्व तुकडे जुळवून पाहावे. सांधा बसला नसेल तर तो आताच दुरुस्त करावा. गोलाई दिल्यावर फट अधिकच दिसते. मग दूरचा पंख व शेपटी घासून थोडी पातळ करावी, ती पुन्हा जागी ठेवावी आणि शेजारच्या जाड तुकड्याच्या बाजूवर त्यांच्या उंचीची रेघ पेन्सिलीने ओढावी. कानस या रेघेखाली कदापि जाऊ नये. बाजू उभीच राहिली पाहिजे. गोल व्हावयाची ती केवळ वरची कड. कानस पुढे ढकलताना दाबावी, मागे आणताना उचलावी, आणि ओढ रेषांच्या दिशेने असावी. आडवी चालविल्यास शिवणीचे तंतू उपटून येतात.

खरी परीक्षा चोचीची. चिंचोक्याएवढा तो तुकडा चिमटीत धरून घासू लागाल, तर लाकडाआधी बोटाचे कातडे जाईल. मुलांच्या हाती तर तो तसा मुळीच देऊ नये. एका काठीच्या टोकास सरसाने जाड कागद चिकटवावा, कागदावर चोच चिकटवावी व रात्रभर वाळू द्यावी. काठी हाताशी आली की काम निर्धास्त होते. शेवटी पातळ पाते कागदात शिरविले म्हणजे चोच अलगद सुटते. उरलेला कागद ओल्या फडक्याने पुसावा.

पॉलिशकागद १०० नंबरापासून २२० पर्यंत क्रमाने वापरावा. येथे पुष्कळांचा हात आवरत नाही, आणि पक्षी झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा दिसू लागतो. पंखांच्या टोकांशी थोडी धार राहू द्यावी. शिसव मात्र शिवणीपासून दूर, निराळी घासावी, कारण तिची काळी भुकटी फिक्या लाकडाच्या रंध्रांत बसली की निघत नाही. ती नाकाला व त्वचेलाही झोंबते. म्हणून ओसरीवर बसावे, नाकातोंडास फडके बांधावे आणि धाकट्यांना जवळ बसवू नये.

तुकडे फळीवर चिकटवून झाल्यावर जवसाच्या तेलाचा हलका हात फिरवावा. तेलाची चिंधी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नये. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. अंगणात दोरीवर सुटी पसरून वाळवावी.