रंग चकचकीत, ब्रेक ढिला : जुन्या लष्करी जीपचे जतन म्हणजे नेमके कशाचे जतन?

#थ्रेड

१/ जुन्या लष्करी वाहनाचे जतन म्हणजे हिरवा रंग, बॉनेटवरचे पांढरे आकडे आणि प्रजासत्ताक दिनाच्या मिरवणुकीतील मानाची जागा, अशी समजूत रूढ आहे. ती अपुरी आहे. वाहन हे चालणारे आणि थांबणारे यंत्र आहे. त्याचा इतिहास रंगात जितका आहे, त्याहून अधिक चालकाच्या पायाखालच्या ब्रेक पेडलच्या दांड्यांत, पिनांत आणि बुशांत आहे.

२/ उदाहरण जीपचेच घ्यावे. दुसऱ्या महायुद्धात विलीस आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमद या कंपनीने १९४७ मध्ये मुंबईतील माझगाव येथे विलीसच्या सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात केली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. भारतीय रस्त्यांवरच्या जीपची वंशावळ अशी माझगावात सुरू होते.

३/ ‘दिसायला जीप’ आणि ‘कामाला जीप’ यांतला फरक स्वतंत्र भारताने फार लवकर अनुभवला. काश्मीरच्या युद्धकाळात, १९४८ मध्ये, दुरुस्त केलेल्या जुन्या जीपचा सौदा ब्रिटनमध्ये करण्यात आला. प्रत्यक्षात १५५ जीप आल्या आणि त्या वापरण्याजोग्या नसल्याचे आढळले. ‘जीप प्रकरण’ म्हणून ते संसदेत गाजले. चर्चा व्यवहाराची झाली. पण मुळाशी प्रश्न साधा होता, वाहन चालते का आणि थांबते का?

४/ आता यंत्राकडे. युद्धकालीन विलीस जीपमध्ये ब्रेक आणि क्लच यांची पेडले एकाच आडव्या शाफ्टवर फिरतात. मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, चॅसीच्या डाव्या अंगाला असतो. पेडलचा खालचा टोक आणि सिलिंडरचा पिस्टन यांना लांबी कमी-अधिक करता येणारा दांडा जोडतो. पुढचे काम ब्रेक ऑइल करते. चारही चाकांना एकच सिलिंडर आणि एकच मार्ग. कुठेही गळती झाली तर पायाचा ब्रेक संपूर्ण जातो. उरतो तो गिअरमागच्या ड्रमवर चालणारा हातब्रेक.

५/ या दांड्यात थोडा ‘प्ले’ मुद्दाम ठेवलेला असतो. पेडल सुमारे अर्धा इंच सैल जाते आणि मगच पिस्टन हलतो. नवखा मनुष्य हा ढिलेपणा दोष समजून काढून टाकतो. मग पिस्टन पूर्ण मागे येत नाही, सिलिंडरमधले बारीक छिद्र झाकलेले राहते आणि तापून फुगलेल्या ऑइलला टाकीत परतायला वाट मिळत नाही. ब्रेक धरून राहतात, ड्रम तापतात, शेवटी चाके जाम होतात.

६/ उलट दोष झिजेचा. पिन बारीक होते, बुश लंबगोल होतो. पेडल ही तरफ आहे. खाली एक मिलिमीटरची झीज झाली, तर वर पायाला तिच्या कित्येक पट पोकळ अंतर जाणवते. दांडा लांब करून हे अंतर लपवता येते. अनेक गॅरेजांत तेच होते. झीज मात्र तशीच राहते आणि एक दिवस पिन निसटते.

७/ याचा अर्थ सह्याद्रीत लगेच कळतो. मंचरहून घोडेगाव, शिनोली, डिंभे असा भीमाशंकरकडे जाणारा रस्ता जसा पश्चिमेला सरकतो, तसा पाऊस वाढतो आणि चढउतारही. आंबेगाव-जुन्नरच्या अशा वाटांवर जीपच्या वंशजांनी वडाप म्हणून माणसे वाहिली. लाल चिखल तळाखालच्या शाफ्टवर बसतो, वाळतो आणि सहाणेसारखा बुश घासतो. हवेतला ओलावा ब्रेक ऑइलमध्ये मुरतो. लांब उतारावर ते उकळले की पेडल पोकळ जाते. जीप जिथे जन्मली त्या सपाट मैदानांची देखभाल इथे पुरत नाही.

८/ देखभालीची रीत अवघड नाही, चिकाटीची आहे. चिखल खरवडून काढावा. पिन उपसून झीज पाहावी. झिजलेला बुश लेथवर नवा करून घ्यावा. स्प्लिट पिन दर वेळी नवीच घालावी. ग्रीस निपलमधून जुने काळे ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवे भरावे. मात्र ते सिलिंडरच्या रबराला लागू देऊ नये, रबर फुगते. प्ले मोजून लॉकनट आवळावा. पेडल हाताने दाबून सोडावे. ते आपसूक परत यायला हवे. शेवटी प्रत्येक चाक उचलून मोकळे फिरते का, ते पाहावे.

९/ यावर एक आक्षेप रास्त आहे : आजच्या वाहतुकीत हे जुने ब्रेक कशाला? डिस्क ब्रेक आणि बूस्टर बसवावा, जीव महत्त्वाचा. जीव महत्त्वाचा आहेच. पण रोज महामार्गावर चालवायचे असेल तर त्यासाठी नवे वाहन आहे. मिरवणुकीत मंद गतीने चालणाऱ्या जीपला नीट राखलेला मूळ ब्रेक पुरेसा आहे. रबरी वॉशर, नळ्या, ऑइल हे झिजणारे भाग बदललेच पाहिजेत. दांडे, पेडल आणि शाफ्ट मात्र दुरुस्त करावेत, फेकू नयेत. बदलावे लागलेच, तर जुना भाग चिठ्ठी लावून जपावा.

१०/ संग्रहालयाची गोष्ट वेगळी. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये १९९४ पासून देशोदेशीचे रणगाडे आणि चिलखती गाड्या उभ्या आहेत. उभ्या वाहनाने धावावे असा हट्ट नको. परंतु गंजून एकजीव झालेले लिंकेज हे हरवलेले पान असते. उभ्या वाहनालाही ग्रीस हवे आणि लिखित नोंद हवी.

११/ २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूप टिकवलेल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली. पाऊल स्तुत्य आहे. पण मूळ स्वरूपाची कल्पना डोळ्यांना दिसणाऱ्या भागांपाशी थांबली, तर नियम पाळूनही इतिहास निसटेल.

१२/ सर्वात मोठा धोका लोखंडाला नाही, ज्ञानाला आहे. लोखंड लेथवर पुन्हा घडवता येते. किती प्ले ठेवावा, झीज बोटाने कशी ओळखावी, हे ज्यांच्या हातांना ठाऊक आहे ते फिटर आणि मिस्त्री वृद्ध होत आहेत. इतिहासप्रेमी तरुणांनी जीपसमोर छायाचित्र जरूर काढावे. त्यानंतर तिच्याखाली सरकून, मिस्त्री काय करतात ते मोजमापांसह वहीत उतरवावे. तीही ऐतिहासिक साधनेच आहेत.