पॅलेटला भट्टी, पांगुळगाड्याला विष

न्हावा-शेवा बंदरातून परदेशी जाणारा माल ज्या लाकडी पॅलेटवर रचलेला असतो, त्या पॅलेटच्या कडेला एक शिक्का असतो. त्यात गव्हाची लोंबी, देशाची आणि भट्टीवाल्याची खूण आणि बहुतेक वेळा 'एचटी' ही दोन अक्षरं दिसतात. याचा अर्थ असा की हे लाकूड तापवलेलं आहे. त्याचा गाभा सलग 30 मिनिटं 56 अंश सेल्सिअसवर राहिलेला आहे. लाकडाच्या पोटातली कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून 2002 साली हा आंतरराष्ट्रीय नियम झाला. आपण तो पाळतो, कारण न पाळल्यास माल बंदरातूनच परत येतो. चार वापरांनंतर सरपणात जाणाऱ्या फळ्यांची आपण इतकी काळजी घेतो. त्याच राज्यात बाळाचा पांगुळगाडा, भातुकली, गणपतीचा पाट असल्या कुठल्याच तपासणीशिवाय विकला जातो आणि पुढे त्याला कीड लागली की घरोघर त्यावर विष ओतलं जातं. हे थांबायला हवं, आणि ते थांबवणं अवघडही नाही.

सावंतवाडी माझं माहेर. पुण्यात मी लाकडी वस्तू दुरुस्त करते. देव्हारे, चौरंग, काठवटी, पाळण्याचे खूर, असं सगळं येतं. होळीच्या आसपास उकाडा सुरू झाला की फोन वाढतात. "ताई, खेळण्यातून पीठ पडतंय." मी आधी एकच विचारते, "तुम्ही त्यावर काय टाकलंत?" कारण काहीच टाकलेलं नाही असं क्वचितच असतं. कुणी रॉकेल सोडलेलं असतं, कुणी वाळवीचं औषध सिरिंजनं भोकात भरलेलं असतं. कुणाला शेजारच्या आजोबांनी 'गॅमेक्सिन' सुचवलेलं असतं. त्यावर आपल्याकडे कधीच बंदी आली, पण नाव तोंडातून गेलेलं नाही. सगळ्यात भीती वाटते ती धान्यात ठेवायच्या गोळ्यांची. एका घरी खेळण्यांच्या पेटीत त्या फडक्यात बांधून ठेवल्या होत्या आणि पेटी मुलांच्या खोलीत होती. या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या दमटपणानं त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, तो दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो, आणि त्यावर उतारा नाही. त्या सर्वसामान्यांना विकायच्याच नाहीत असा नियम असताना त्या दुकानात मिळतात. या वायूनं घरातली झोपलेली मुलं दगावल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊन गेल्या आहेत.

आणि एवढं करून किडा मरत नाही. मागे एक पांगुळगाडा आला होता, लाल-पिवळा, आंब्याच्या लाकडाचा. वडिलांनी प्रत्येक भोकात नेमानं औषध सोडलं होतं, तरी पीठ थांबत नव्हतं. त्याचा एक दांडा बदलावाच लागणार होता, म्हणून मी तो उभा चिरला. वरचा रंग शाबूत होता. रंगाखाली कागदाएवढा पातळ पापुद्रा आणि त्याच्या आत नुसतं पीठ. औषधाचा तेलकट डाग भोकातून आत गेला होता, रिकाम्या बोगद्यात थोडा पसरला होता आणि तिथेच थांबला होता. त्याच्यापासून बोटभर अंतरावर, दाबून भरलेल्या पिठात, पांढरी वाकडी अळी हलत होती.

यातच सगळं उत्तर आहे. आपल्याला दिसतं ते भोक किड्यानं आत शिरताना पाडलेलं नसतं. पंख फुटलेला भुंगेरा त्यातून बाहेर पडून गेलेला असतो. अंडी घातली जातात लाकडाच्या उघड्या रंध्रांत, ती डोळ्यांना दिसत नाहीत. अळी आतल्या आत महिनोन्‌महिने, कधी वर्षभर, कधी त्याहून जास्त पोखरत राहते आणि आपल्या मागचा बोगदा पिठानं बुजवत जाते. भोकात औषध सोडणं म्हणजे भाडेकरू सोडून गेलेल्या खोलीवर नोटीस चिकटवणं.

हा किडा नेमकं काय खातो हेही पाहू. नव्या वस्तूंमध्ये जो बहुतेक वेळा सापडतो, ज्याचं पीठ बोटांत चोळलं तर अजिबात कचकचत नाही, त्याला लाकडातलं स्टार्च हवं असतं. मादी अंडी घालण्याआधी लाकूड चावून बघते, स्टार्च पुरेसं नसेल तर पुढे जाते. सागाच्या गाभ्याला तो तोंड लावत नाही. सागाचंच सालीलगतचं पांढरट लाकूड मात्र खातो. आंबा आणि पांगारा यांना सागाच्या गाभ्यासारखं अंगचं संरक्षण नाही. आणि आमच्या सावंतवाडीच्या चितार आळीतली खेळणी, रंगीत फळं, पाट पिढ्यान्‌पिढ्या पांगाऱ्यात घडली, कारण ते लाकूड हलकं, पटाशीला मऊ आणि रंग धरणारं. आज त्यात आंबाही पुष्कळ असतो. तेव्हा 'हातानं बनवलेलं म्हणजे किडणारच' हे शहरात सर्रास ऐकू येणारं वाक्य मला अन्यायाचं वाटतं. हाताचा काही दोष नाही. लाकूड कापल्यापासून रंग चढेपर्यंत जे व्हायला हवं, ते व्हायला कारागिराकडे ना जागा आहे ना साधन.

जुन्या माणसांकडे त्यांच्या काळाची साधनं होती. बांबू पावसाळा सरल्यावर तोडायचा, कारण नव्या कोंबांवर खर्च होऊन त्यातलं स्टार्च तेव्हा कमी असतं. मग तो व्हाळात बुडवून ठेवायचा, म्हणजे उरलंसुरलं पाण्यात उतरतं. घराचे वासे चुलीच्या धुरात राहायचे. होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावायचे. ते कातडीला लागलं तर फोड येतात, म्हणून खेळण्यांना ते चालत नाही. यातलं बरंचसं आज अशक्य आहे. आळीतले एक काका मला म्हणाले होते, "पावसात लाकूड सुकणा नाय, आणि गिऱ्हाईकाक चतुर्थीक माल होयो." अर्धओलं लाकूड कातलं जातं, वरून रंगवलं जातं, खालची बाजू कोरी राहते. पाटाची ती कोरी खालची बाजूच मादीला सापडते. चारही अंगांनी, बुडासकट रंग किंवा लाख चढवली तर अंडी घालायला रंध्रच उघडी राहत नाहीत. हे मात्र आजपासून करता येण्यासारखं आहे, आणि गिऱ्हाइकानं पाट उलटा करून बघायची सवय लावली तर ते लवकर होईल.

आधीच कीड लागली असेल तर? पहिल्यांदा ती जिवंत आहे का ते बघा. वस्तू झटकून काळ्या कागदावर ठेवा, दिसतील त्या भोकांभोवती पेन्सिलनं गोल काढा, तारीख लिहा आणि काही आठवडे हलवू नका. नवं पीठ नाही, नवं भोक नाही, म्हणजे कीड बहुधा निघून गेलेली आहे. मेण भरा, वापरा आणि पुढेही लक्ष ठेवा. पिठाऐवजी खसखशीसारखे टणक दाणे पडत असतील तर ती कोरड्या लाकडातली वाळवी आहे. मग त्या वस्तूबरोबर घरातल्या चौकटीही तपासून घ्या.

कीड जिवंत असेल तर तिला मारायला गारठा पुरतो. वस्तू दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालायची, हवा काढायची, तोंड चिकटपट्टीनं घट्ट बंद करायचं आणि उणे 18 ते 20 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायची. घरच्या फ्रीजचा वरचा कप्पा दिवसभर उघडझाप होतो, त्यावर भिस्त ठेवू नये. लाकूड झपाट्यानं गार व्हायला हवं, हळूहळू गार झालं तर काही किडे थंडीला सरावतात. म्हणून फ्रीझर ठासून भरायचा नाही. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. दव पिशवीवर धरू द्यायचं, लाकडावर नाही. एक दिवस तशीच ठेवून मग सोडायची. जगभरची संग्रहालयं हेच करतात. लाखकामाला उष्णता सोसत नाही, त्याला गारठाच बरा. फक्त गार असताना लाख ठिसूळ होते, हात सांभाळून लावायचा. रंग नसलेले डाव, लाटणी, छोटे पोळपाट ओव्हनमध्ये 60 अंशांवर ठेवले तरी चालतं, फक्त लाकूड गाभ्यापर्यंत तापेल इतका वेळ द्यायला हवा. तंबोरा, सतार, शिसव-हस्तिदंताचं जडावकाम यांना घरी गार किंवा गरम काहीच करू नका. भोपळा, सरस आणि लाकूड एकसारखे आक्रसत नाहीत. ते मिरजेच्या कारागिराकडे किंवा संवर्धकाकडे न्या. हवाबंद पिशवीतला प्राणवायू काढून काही आठवड्यांत किडे मारण्याची पद्धत अशा वस्तूंसाठी आहे.

बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स गरम पाण्यात विरघळवून कोऱ्या लाकडाला लावणं हा जुना आणि चांगला उपाय आहे, पण तो पलंगाच्या पाट्यांना, कपाटाच्या पाठीला. जे बाळाच्या तोंडात जाईल किंवा ज्यावर पीठ मळलं जाईल, त्याला तोही नको.

हे सगळं घरोघर करायची वेळ येते, कारण सुरुवातीचं काम कुणाच्याच गावी नाही. खेळण्यांच्या गुणवत्तेचा केंद्राचा आदेश 1 जानेवारी 2021 पासून लागू झाला, तेव्हा नोंदणीकृत हस्तकारागीर आणि जीआय मानांकन मिळालेली खेळणी यांना त्यातून सूट दिली गेली. ती योग्यच होती. प्रयोगशाळेच्या चाचण्यांचा खर्च आळीतल्या कुटुंबाला पेलणारा नाही. पण सूट दिली की जबाबदारी संपत नाही. 2023 सालच्या विश्वकर्मा योजनेत सुतार आहेत, खेळणी घडवणारेही आहेत, आणि हत्यारांसाठी 15,000 रुपये मिळतात. पटाशी नवी आली, लाकूड तेच अर्धओलं राहिलं. एका प्रदर्शनात तर आयोजकांनी उद्घाटनाच्या आदल्या रात्री मांडलेल्या मालावर, खेळण्यांसकट, कीटकनाशकाचा फवारा मारून घेतला. सकाळी पहिलं गिऱ्हाईक कडेवर मूल घेऊन आलं.

माझी मागणी साधी आहे. सावंतवाडीत, आणि जिथे जिथे लाकडी वस्तू घडतात तिथे, एक सामाईक भट्टी हवी. उष्णता कोंडून धरणाऱ्या भिंतींची खोली, हीटर, पंखे आणि फळीच्या पोटात खुपसायचा तापमापक, एवढंच. पारंपरिक उद्योगांसाठीच्या स्फूर्ती योजनेत सामाईक सुविधा केंद्रांची सोय आहे, जिल्हा नियोजनाचा निधी आहे. लाकूड कातण्याआधी त्यात सुकेल आणि किडे-अंड्यांतून मोकळंही होईल. त्यातून निघालेल्या प्रत्येक पाटाच्या बुडाला पॅलेटसारखाच शिक्का असावा: गावाचं नाव, कारागिराची खूण, तापवल्याची तारीख.

कारागीर वापरतील का, असं अधिकारी विचारतात. मी आळीत विचारलं, तर उलट प्रश्न आला, "भाडा किती?" ते भाडं एका पाटामागे गिऱ्हाइकाला जड वाटणार नाही इतकं ठेवणं, हे सरकारचं काम. भट्टी उभी राहीपर्यंत आइस्क्रीमवाल्यांनी काढून टाकलेला एखादा मोठा, चालू डीप फ्रीझर आळीनं मिळून घ्यावा, ही माझी सूचना मी तिथे मांडली आहे. चतुर्थीचा सुकलेला माल श्रावणात त्यातून दोन-दोन आठवड्यांच्या खेपांनी काढता येईल.