उसना सूर

'क्वीन' या इंग्रजी वाद्यवृंदातील ब्रायन मे याच्या गिटारीचा सूर घरबसल्या उतरवू पाहणाऱ्यांची आज चंगळ आहे. तशीच गिटार, तसाच व्हॉक्सचा ध्वनिवर्धक, सहा पेन्सचे नाणेसुद्धा विकत मिळते! पण मूळ गिटार कोणत्या दुकानातली? पैसे नव्हते, म्हणून १६ वर्षांच्या या पोराने १९६३ साली बापाच्या मदतीने ती घरीच घडवायला घेतली. दांडा जुन्या शेकोटीच्या चौकटीचा, स्प्रिंगा मोटारसायकलच्या, पडद्यांच्या खुणांना आईच्या शिंपल्याच्या गुंड्या! सुमारे २ वर्षे तो खपला. नकलेने हात बसतो, हे आम्हांस मान्य आहे. परंतु हात बसल्यावरही जो दुकानेच धुंडाळतो, त्याला गिटार मिळते, सूर मिळत नाही. उतरवायचाच, तर तो हट्ट उतरवा!